वाचकांचे प्रश्न : सोलापूरशेजारचा भीमा-सीनाकाठ

सोलापूर शहराला लागून असलेल्या नदीकाठच्या मुलखाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एका प्रश्नात सामावून घेतली आहेत.

प्रश्न : नोकरीत बदली झाल्याने मी यंदाच सोलापुरात राहायला आलो. शहरात तलाव दिसतात, नदी मात्र कोठेही दिसत नाही. तरीही कार्यालयातील निम्मे सहकारी आपले गाव ‘नदीकाठचे’ असल्याचे सांगतात. हा नदीकाठ नेमका कोठे आहे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

आपले निरीक्षण बरोबर आहे. सोलापूर हे नदीवर वसलेले शहर नाही. जुन्या वस्तीची तहान विहिरींनी आणि सिद्धेश्वर तलावासारख्या तळ्यांनी भागवली, आणि शहराच्या उत्तरेला आदिला नदी अडवून १८७१ साली पूर्ण झालेल्या एकरुख तलावाने, म्हणजे आपण ज्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो त्याने, पुढे त्यात मोठी भर घातली. नद्या आहेत त्या शहराबाहेर. पण फार लांब नाहीत.

पहिली नदी सीना. ती अहिल्यानगरच्या बाजूने येते, करमाळा, माढा, मोहोळ असे तालुके ओलांडत शहराच्या पश्चिमेकडून वळसा घेते आणि दक्षिणेकडे निघून जाते. सोलापुरातून पुण्याकडे निघाला तर लांबोटीला, मंगळवेढ्याकडे निघाला तर तिऱ्ह्याला आणि विजयपूरकडे निघाला तर वडकबाळला आपल्याला तिचाच पूल लागेल. तीन दिशांना जाणारे तीन रस्ते एकाच नदीवरून जातात, ही गोष्ट लक्षात ठेवली की शहराभोवतालचा भूगोल आपोआप उलगडतो. दुसरी नदी भीमा. भीमाशंकरला उगम पावून ८६१ किलोमीटरचा प्रवास करत कर्नाटकात कृष्णेला मिळणारी ही नदी आपल्या जिल्ह्यातून पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांना स्पर्श करत जाते, आणि तिच्या शेवटच्या टप्प्यात बराच काळ ती स्वतःच दोन राज्यांची हद्द होते : अलीकडच्या तीरावर महाराष्ट्र, पलीकडच्या तीरावर कर्नाटक.

सीना आणि भीमा यांच्यामध्ये सीनेवरील वडकबाळच्या पुलापासून भीमेवरील टाकळीच्या पुलापर्यंत जो पट्टा पसरला आहे, तो आमच्या मते सोलापूरकरांनी सर्वांत आधी पाहायला हवा. मंद्रूप हे त्यातले मोठे गाव. पुढे दोन्ही नद्या हत्तरसंग-कुडल येथे एकमेकींना भेटतात आणि हा दुआब तेथे संपतो. काळी, खोल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन, नदीच्या बाजूला उसाचे मळे, नदीपासून जरा दूर गेले की रब्बीच्या ज्वारीची सपाट शिवारे, आणि घराघरांत कानडी व मराठी या दोन्ही भाषांचा सहज वावर, अशी या भागाची ठेवण आहे. बाजाराच्या दिवशी भाव कानडीत ठरतो आणि हिशोब मराठीत होतो, यात तेथील कोणालाही काही वेगळे वाटत नाही. भाषेवरून सीमा आखणाऱ्यांनी हा मुलूख एकदा पायी फिरून पाहावा, असे आम्हाला फार वाटते.

‘भीमाकाठ’ म्हटले की बहुतेकांच्या मनात थेट पंढरपूर येते, आणि ते स्वाभाविकही आहे. सोलापूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या त्या क्षेत्री नदी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, आणि आषाढी-कार्तिकीला साऱ्या महाराष्ट्राचे डोळे तिच्या वाळवंटाकडे लागलेले असतात. परंतु पंढरपूरच्या खाली नदी आणखी बरीच पुढे वाहते आणि त्या काठाकडे शहरातील फारच थोडे लोक वळतात. आपण शहरात नळाखाली जी घागर भरता, तिच्यातील पाण्याचा मोठा भाग वर्षानुवर्षे त्याच दुर्लक्षित काठावरून येत आला आहे. त्याविषयी पुढील एका प्रश्नात सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : मराठीतील सर्वांत जुना शिलालेख आपल्या जिल्ह्यात आहे असे शाळेतील मुलांना सांगते, पण मी स्वतः तो पाहिलेला नाही. तो कोठे आहे, आणि ‘सर्वांत जुना’ हे म्हणणे कितपत बरोबर आहे?
— एक शिक्षिका, उत्तर सोलापूर तालुका

हा लेख हत्तरसंग-कुडल येथील संगमेश्वर मंदिरात आहे. सोलापूरहून विजयपूर रस्त्याने निघावे, वडकबाळचा पूल आणि मंद्रूप ओलांडल्यावर पूर्वेकडे संगमाच्या दिशेने आत शिरावे. शहरापासून अंतर सुमारे ४० किलोमीटर पडते. मंदिर चालुक्यकालीन आहे आणि त्याच्या सभामंडपातील एका तुळईवर हा लेख कोरलेला आहे. नजर वर करून शोधल्याशिवाय तो सापडत नाही, कारण डोळ्यांत भरावा असा तो मोठा नाही. जेमतेम काही ओळी आहेत. त्यांत शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ असा काळ दिला आहे, आणि शेवटी ‘वाछि तो विजेया होईवा’ असे मराठी वाक्य आहे : जो हे वाचील तो विजयी होईल.

या लेखाचे महत्त्व जगापुढे आणले ते सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी. कोणत्याही मोठ्या विद्यापीठाचे पाठबळ नसताना जिल्ह्यातील गावोगावच्या दगडांचे ठसे घेत फिरणाऱ्या या अभ्यासकाचे ऋण सोलापूरने मानले पाहिजे, आणि मुलांना लेखाविषयी सांगताना त्यांचे नावही आवर्जून सांगावे.

‘सर्वांत जुना’ या विशेषणाबाबत मात्र वर्गात थोडी काळजी घ्यावी. जुन्या पाठ्यपुस्तकांतून श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ या लेखाला आद्यत्वाचा मान दिला जात असे. त्यानंतर रायगड जिल्ह्यातील आक्षी येथील लेख पुढे आला आणि त्याचा काळ शके ९३४ असल्याचे काही अभ्यासक मानतात, तर काहींना ते वाचन मान्य नाही. कुडलच्या लेखाचे बळ असे की त्यातील शकाचा आकडा स्पष्ट आहे. त्यामुळे ‘निःसंदिग्ध कालोल्लेख असलेल्या अगदी आरंभीच्या मराठी शिलालेखांपैकी एक’ असे सांगितले तर ते निर्विवाद ठरेल, आणि एवढ्यानेही मुलांचा अभिमान कमी होणार नाही.

लेख पाहून लगेच परत फिरू नये. शेजारीच हरिहरेश्वराचे मंदिर आहे, ज्यात नावाप्रमाणे हरी आणि हर या दोघांसाठी स्वतंत्र गाभारे आहेत. त्याचा बराचसा भाग मातीखाली गेला होता. ती माती काढताना अनेक शिल्पे वर आली आणि त्यांतच ते प्रसिद्ध बहुमुखी शिवलिंग मिळाले. त्या एका दगडावर ओळींमागून ओळी अशी ३५९ मुखे कोरलेली आहेत आणि लिंग स्वतः धरून संख्या ३६० मानली जाते. मुलांना जवळ उभे करून ती मुखे न्याहाळायला सांगावे. प्रत्येक चेहरा वेगळा आहे की एकच पुन्हा पुन्हा कोरला आहे, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला तर तास कसा गेला हे कळणार नाही. मंडपाचे खांब, त्यांवरील नक्षी आणि वर आकाशाकडे उघडणारा स्वर्गमंडप हेही सावकाश पाहण्यासारखे आहे. मंदिराच्या मागील बाजूने खाली उतरले की संगम दिसतो. पावसाळ्यानंतर, आश्विन-कार्तिकात, सीनेचे आणि भीमेचे पाणी रंगाने वेगळे ओळखू येते.

प्रश्न : सोलापुरात पावसाचा थेंब नसताना भीमेला पूर आल्याच्या बातम्या येतात, आणि ऐन उन्हाळ्यात कोरड्या नदीत अचानक पाणी वाहू लागते. हे कसे घडते? आमच्या भागात मात्र नळाला रोज पाणी येत नाही.
— एक गृहिणी, विडी घरकुल परिसर, सोलापूर

आपण तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत आणि तिन्हींचे मूळ एकच आहे : भीमेचे पाणी आपल्या जिल्ह्यात फारसे पडत नाही, ते वरून येते. सोलापूरचा सरासरी पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि तोही बहुतांशी परतीचा. भीमेची भर पडते ती पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर. इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा आणि घोड या नद्यांचे पाणी घेऊन ती माढा तालुक्यातील उजनी धरणात येते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यांपैकी जवळजवळ ६३ टीएमसी हा मृतसाठा आणि उरलेला उपयुक्त साठा आहे. धरण भरले की जादा पाणी नदीत सोडावे लागते. त्याच वेळी नीरा नदीवरील वीर धरणातूनही विसर्ग चालू असेल तर ते पाणी नीरा-नरसिंहपूरच्या संगमात भीमेला मिळते, आणि दोन्ही विसर्ग एकत्र होऊन पंढरपूरला घाट व पुंडलिकाचे मंदिर पाण्यात जाते. म्हणूनच सोलापुरात ऊन पडलेले असताना पंढरपूरच्या वाळवंटातील दुकाने हलवण्याच्या सूचना निघतात.

सीनेचे वागणे याच्या उलट आहे. तिचे पाणलोट क्षेत्र कमी पावसाचे असल्याने ती वर्षातील बराच काळ कोरडी पडते. लोक तिला विसरतात, पात्रात अतिक्रमणे होतात, आणि मग परतीचा पाऊस अहिल्यानगर-धाराशिव भागात एकदम कोसळला की ती कोणालाही न जुमानता येते. सप्टेंबर २०२५ चा पूर आपल्याला आठवत असेलच. माढा, मोहोळ आणि दोन्ही सोलापूर तालुक्यांतील काठची गावे पाण्याने वेढली गेली, आणि लांबोटी व वडकबाळ येथील वाहतूक थांबवावी लागली. ज्या नदीला वर्षभर कोणी नदी म्हणायला तयार नसते, तिची पूररेषा काटेकोरपणे पाळणे किती आवश्यक आहे, हे त्या आठवड्यात पुरेसे स्पष्ट झाले.

आता उन्हाळ्यातील पाण्याविषयी. सोलापूर शहराच्या पाणीपुरवठ्याचे तीन आधार आहेत : उजनीहून थेट येणारी जलवाहिनी, हिप्परग्याचा तलाव आणि भीमेवरील टाकळीची योजना. टाकळीसाठी नदीवर औज आणि चिंचपूर येथे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. अशा बंधाऱ्यात खांबांच्या मधल्या मोऱ्यांना उभ्या खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांत एकावर एक बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवतात, फटी बुजवतात आणि पाणी अडते. पावसाळ्यापूर्वी ते बर्गे काढून घेतात, नाहीतर पुराच्या लोंढ्याने बंधाराच धोक्यात येईल. अडवलेले पाणी संपत आले की उजनीतून नदीपात्रात पुन्हा पाणी सोडतात. ‘कोरड्या नदीला अचानक पाणी’ येते ते हेच.

या पद्धतीत किती पाणी वाया जाते, हे प्रत्येक सोलापूरकराने समजून घेतले पाहिजे. धरणापासून औजपर्यंतचे तापलेले, वाळूचे पात्र आधी स्वतःची तहान भागवते. उन्हाने वाफ होते. दोन्ही तीरांवर शेतीपंप बसलेले असतात. त्यामुळे शहराला लागणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी प्रत्येक खेपेला धरणातून सोडावे लागते. पंपांनी पाणी उचलले जाऊ नये म्हणून अशा काळात काठावरील वीजपुरवठाही कमी करण्यात येतो. याचा जाच काठच्या शेतकऱ्याला होतो आणि तो शहराला दोष देतो. शहरात चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि शहर काठाला दोष देते. आम्हाला हे दोन्ही दोष अन्यायाचे वाटतात. उजनीहून बंद नळातून येणारे पाणी वाढवणे, म्हणजेच जुन्या जलवाहिनीच्या जोडीला टाकलेल्या समांतर जलवाहिनीचा पुरेपूर उपयोग होणे आणि शहरातील वितरण सुधारणे, यावरच आपल्या नळाचे आणि काठच्या पिकाचे हित अवलंबून आहे. याशिवाय पुणे-पिंपरीचे सांडपाणी याच नदीतून उजनीत उतरते, आणि ते किती शुद्ध करून सोडले जाते हा प्रश्न आपल्या घराचा आहे असे समजून सोलापूरकरांनी विचारत राहिले पाहिजे.

प्रश्न : मंगळवेढ्याला जाताना माचणूरचा फलक दिसतो. तेथे थांबावे का?
— एक वाचक, सांगोला

अवश्य थांबावे. सोलापूरहून तिऱ्हे, कामती, बेगमपूर असे येत भीमेचा पूल ओलांडला की माचणूर लागते. येथील सिद्धेश्वराचे मंदिर अगदी नदीच्या कडेला आहे. ओवऱ्यांच्या आवारातून घाटाच्या पायऱ्या थेट पात्रात उतरतात. श्रावणात गर्दी असते, एरवी शांतता. मंदिराजवळच मोगलांच्या काळातील किल्ल्याची तटबंदी उभी आहे. मराठ्यांचा बीमोड करण्यासाठी दक्षिणेत उतरलेल्या औरंगजेबाने १६९५ ते १६९९ या काळात आपला मुख्य तळ येथून जवळच, ब्रह्मपुरीला ठेवला होता आणि त्या गावाचे नाव बदलून इस्लामपुरी केले होते. साऱ्या हिंदुस्थानचा कारभार चार वर्षे या भीमेच्या तीरावरून चालला. बादशहा गेला, तळ उठला, आणि गावाने आपले ब्रह्मपुरी हे नाव पुन्हा धारण केले. नदीपलीकडे बेगमपुरात त्या काळाची स्मृती सांगणारी कबर आहे. माचणूरहून पुढे मंगळवेढा जवळच आहे. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी खुली करणारे संत दामाजी आणि वेशीचे बांधकाम चालू असता भिंत कोसळून प्राण गेलेले संत चोखामेळा या दोघांची ती भूमी आहे.

प्रश्न : मुलांना घेऊन एक दिवस नदीकाठच्या शिवारात घालवायचा आहे. कोणता काळ चांगला, आणि तेथे खायला-प्यायला काय मिळेल?
— एक वाचक, पुणे (मूळ गाव दक्षिण सोलापूर तालुका)

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. मृदू ऊन असते, ज्वारी पोटरीतून बाहेर पडून कणसांत दाणा भरू लागतो, आणि हुरड्याचे दिवस सुरू होतात. या भागाची खरी ओळख ऊस नसून ज्वारी आहे, हे मुलांना येथेच कळेल. पाऊस संपताना पेरलेले हे पीक काळ्या रानात साठलेल्या ओलीवर आणि थंडीवर वाढते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेले मालदांडी ३५-१ हे वाण रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पाण्याची एवढी ओढाताण असलेल्या मुलखात थेंबभर पाण्यावर येणाऱ्या या पिकाला उसाइतका मान आणि भाव मिळत नाही, याचे वाईट वाटते.

आपले मूळ गाव त्याच भागातले असल्याने शक्य झाल्यास मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवसेला या. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, आत पाच दगड चुना लावून पांडव म्हणून मांडतात, पूजा होते, आणि मग आंबील शेताच्या चारी बाजूंनी शिंपडत फेरी घालतात. जेवायला बाजरीचे उंडे, हरभरा-तूर-वाटाण्याचे ओले दाणे व पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, आणि मडक्यात गार झालेली ताकाची आंबील असते. या दिवशी वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवण्याची रीत आहे, तेव्हा संकोच करू नये. फक्त जेवल्याशिवाय उठू देणार नाहीत, एवढे लक्षात घेऊन वेळ राखून ठेवावा.

इतर दिवशी संगमाजवळ जेवणाची सोय गृहीत धरू नये. घरून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही बांधून घ्यावे, पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे.

प्रश्न : संगमावर किंवा माचणूरच्या घाटावर नदीत उतरणे सुरक्षित आहे का?
— एक पालक, होटगी रस्ता, सोलापूर

पोहण्यासाठी उतरू नये आणि मुलांना तर अजिबात उतरू देऊ नये. वाळूच्या उपशामुळे पात्रात जागोजागी खोल खड्डे झाले आहेत, आणि गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्याच पावलाला गळ्याएवढ्या पाण्यात जातो. वरून पाहणाऱ्याला पाण्याचा पृष्ठभाग सगळीकडे सारखाच दिसतो. बंधाऱ्याच्या भिंतीवरून चालणेही टाळावे, कारण शेवाळाने दगड निसरडा झालेला असतो आणि खालच्या बाजूला पाण्याला ओढ असते. पाय धुवायचे असतील तर माचणूरला घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर बसून धुवावेत. पावसाळ्यात जाणार असाल तर निघण्यापूर्वी उजनी आणि वीर या दोन्ही धरणांच्या विसर्गाची त्या दिवशीची बातमी पाहावी, आणि सीनेच्या पुलांवर पाणी असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा.